बसतंय का बघा

मराठी सार्वजनिक जीवन ज्या वाक्यावर उभं आहे ते वाक्य कुठल्या संताचं किंवा समाजसुधारकाचं नाही. ते फ्लेक्सच्या दुकानात काउंटरवर कोपर टेकून म्हटलं जातं : ‘बसतंय का बघा.’ फ्लेक्स असतो दहा बाय आठचा. त्यावर सगळ्यात वर महापुरुष, त्यांच्याखाली राज्यपातळीवरचे नेते, त्यांच्याखाली जिल्हापातळीवरचे आणि मधोमध वाढदिवस असलेले भाऊ, गॉगल लावून आणि मोबाइल कानाला धरून, जणू शुभेच्छांचा पहिला फोन आत्ताच आलाय. उरलेल्या जागेत सत्तावीस शुभेच्छुक, मित्रमंडळाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. दुकानातला पोरगा विचारतो, ‘नावं जरा बारीक करू?’ ‘बारीक नको. बारीक नाव कोण वाचतंय?’ ‘मग दोन-चार कमी करू?’ ‘करा की. कुठली ते तुम्हीच ठरवा, आणि त्यांना फोनही तुम्हीच करा.’ ‘मग बारा बाय दहाचा घ्या.’ यावर गिऱ्हाईक स्क्वेअर फुटाचा भाव पुन्हा एकदा विचारून घेतं, थोडा वेळ पंख्याकडे बघतं आणि म्हणतं, ‘दहा बाय आठमध्येच बसतंय का बघा.’

या तीन नकारांच्या पोटी एक अक्षर जन्माला येतं. बारीक चालत नाही म्हणून ते जाड असतं. कुणाला वगळता येत नाही आणि फूटही वाढवायचे नाहीत म्हणून ते अरुंद असतं. शिवाय ते गोल असतं, त्याचं कारण जरा नाजूक आहे, तिकडे मागाहून वळू. अक्षरकलेतले जाणकार त्याला बोल्ड कंडेन्स्ड राउंडेड सॅन्स-सेरिफ म्हणतात, आणि हे नाव एका ओळीत लिहायचं तर त्याच अक्षरात लिहावं लागेल. दुकानात ‘तो दाबलेला जाडा’ म्हटलं की काम भागतं. माझं म्हणणं असं की हे अक्षर मुळात कुणा कलावंताला सुचलेलं नाही. तो एक तह आहे. आपण लांबून दिसलो पाहिजे, कुणी दुखावलं जाता कामा नये आणि खर्च आहे तेवढ्यातच भागला पाहिजे, असं ज्या समाजाला एकाच वेळी वाटतं, तो समाज लिहायला बसला की त्याच्या हातून हेच अक्षर उमटणार. एका जाड्या अक्षराच्या डोक्यावर एवढा मोठा सिद्धान्त ठेवणं म्हणजे अनुस्वारावर मजला चढवण्यासारखं आहे, याची मला कल्पना आहे. पण विषयच दाटीवाटीचा निघाल्यावर लेखकाने एकट्याने ऐसपैस बसणं बरं दिसत नाही.

आधी अडचण समजून घेऊ, कारण ती खरी आहे. रोमन लिपीतली अक्षरं सुटी राहतात. त्यांना दोन्ही बाजूंनी दाबलं तर ती फार तर अंग चोरून उभी राहतात. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतल्या भित्तिपत्रकांनी लाकडी ठशांच्या मदतीने हा उद्योग मनसोक्त केला. देवनागरी अक्षर मात्र एकत्र कुटुंबातलं. वरती मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार यांचा माळा, मधे मूळ अक्षराची खोली, खाली उकारांचं तळघर आणि सगळ्यांच्या मधून गेलेली शिरोरेषा, जिच्यावर साऱ्या घराचे कपडे वाळत घातलेले. शिशाच्या खिळ्यांच्या जमान्यात मुंबईच्या छापखान्यांत ‘डिग्री’ पद्धतीने जुळणी व्हायची, तेव्हा छापील एका ओळीसाठी जुळाऱ्याला खरोखरच थरावर थर लावावे लागत. अशा बिऱ्हाडाला ‘सगळ्यांनी वजन वाढवा, पण खोली तीच राहील’ असं सांगितलं तर काय होईल? रेषा बाहेर वाढू शकत नाही, म्हणून ती आत वाढते आणि अक्षराच्या पोटातली मोकळी जागा खाऊन टाकते. ही मोकळी जागा म्हणजेच अक्षराची ओळख. ‘ळ’च्या दोन पोकळ्या बुजल्या की उरते ती गाठ मारलेली पुरचुंडी.

रोमन टाइप बनवणाऱ्यांनी अक्षराची पारख करण्यासाठी ‘हॅम्बर्गेफॉन्स’ अशा छापाचा एक निरर्थक शब्द घडवून ठेवला आहे. तो नव्या टाइपात लिहून पाहिला की बहुतेक खोडी कळतात. आपल्याला असा शब्द घडवायची गरज नाही. तो अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यात आयता वसलेला आहे : राळेगणसिद्धी. या नावाकडे आजवर जगाने पाणलोट, व्यसनमुक्ती आणि उपोषणं यांच्या अंगाने पाहिलं. अक्षराच्या अंगाने कुणी पाहिलं नाही, हा त्या गावावर अन्यायच. ‘रा’ सोपा वाटतो, पण त्याच्यामागे लगेच ‘ळे’, दोन पोकळ्या सांभाळून वर मात्रा झेलणारा. मग ‘ग’ आणि ‘ण’, दोघेही तुटक अंगाचे, आपल्याच काठीपासून फटकून राहणारे. फट ठेवली तर जागा जाते, बुजवली तर अक्षर जातं. त्यानंतर ‘सि’, ज्याची वेलांटी उच्चारात मागून येते आणि लिहिताना पुढे घुसते, रांगेतल्या ओळखीच्या माणसासारखी. शेवटी ‘द्धी’. तिथे ‘द’च्या पायाशी ‘ध’ लोकलच्या दारातल्या प्रवाशासारखा लटकतो. पाठ्यपुस्तकांनी त्याची दया येऊन ‘द्‌ध’ असा ‘द’चा पाय मोडून ‘ध’ला शेजारी बसवला, पण पाय मोडला तरी जागा वाढते, हे इस्पितळाप्रमाणेच छपाईतही खरं आहे. या एका नावात मोजले तर आठ-नऊ उभे दांडे भरतात. जाड आणि अरुंद टाइपात ते ओळीने उभे केले की गावाच्या पाटीऐवजी गावाचं कुंपण दिसायला लागतं. चराईबंदी करणाऱ्या गावाला ते शोभतंही म्हणा.

चराईबंदीवरून आठवलं. राळेगणसिद्धीत जी पंचसूत्री रुजली, म्हणजे नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान, ती ग्रामविकासाची म्हणून प्रसिद्ध आहे. पण मराठी टाइपाची परीक्षा म्हणूनही तिला तोड नाही. ‘नशाबंदी’त ‘श’ येतो आणि तो देठाचा हवा. राज्य सरकारने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात देठाचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ हे मराठीचे म्हणून ठरवून दिले, तरी कितीतरी टाइप आजही आधी हिंदी वळणाचाच ‘श’ पुढे करतात. ‘कुऱ्हाडबंदी’त उकार आहे, अनुस्वार आहे आणि शिवाय तो खास मराठमोळा ‘ऱ्ह’, ज्याच्यापुढे परप्रांतात काढलेले निम्मे टाइप कुऱ्हाड खाली ठेवतात. ‘श्रमदाना’त ‘श्र’ आला. पंचसूत्रीत रफार मात्र नाही. तर १९९२ साली सरकारने ‘आदर्श गाव’ योजना काढली आणि तीही त्रुटी भरून निघाली. आता प्रश्न असा की या बंद्या भिंतीवर कुठल्या अक्षरात लिहायच्या? टोकदार अक्षरात ‘कुऱ्हाडबंदी’ लिहिलं तर त्या अक्षराचीच कुऱ्हाड वाटते. चार-चार बंद्या टोकदार अक्षरांत वाचून माणूस गावात शिरायच्या आधीच मागे फिरेल. गोल अक्षरात मात्र तीच बंदी मोदकासारखी दिसते. बंदी असते, पण हात जोडून असते.

मघाशी टाळलेलं नाजूक कारण ते हेच. जाड अक्षर ओरडतं, अरुंद अक्षर ढकलतं, आणि या दोन गोष्टी एकत्र केल्या की समोरचा बाह्या सरसावतो. गोलाई ही त्यावरची मखलाशी आहे. पश्चिम जर्मनीतल्या फोक्सवॅगनसारख्या पोलादी मोटारींच्या धंद्यातल्या कंपनीलाही १९७९ साली आपल्या विक्रेत्यांच्या पाट्यांसाठी गोल टोकांचं जाड अक्षर काढून घ्यावंसं वाटलं. मग आपल्या भाऊंनी ‘धडाडीचे’, ‘झंझावाती’, ‘ढाण्या वाघ’ ही विशेषणं लाडवासारख्या अक्षरांत लिहून घेतली तर त्यांचं काय चुकलं? शब्दाने दरारा बसतो, अक्षराने वर्गणी मिळते. याच्या उलट टोकाला पुणेरी पाटी. तिला कुणाची मर्जी राखायची नसते, म्हणून तिचं अक्षर किरकोळ असलं तरी चालतं. अपमान वाचायला माणूस आपणहून जवळ जातो.

हा जाडा प्रत्यक्षात तयार कसा होतो ते पाहिलं की माझ्या तहाच्या मुद्द्याला पुरावा मिळतो. पोरगा आधी संगणकावर नाव टाइप करतो. टाइप बहुधा श्रीलिपीतला, म्हणजे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची देणगी. नाव ओळीबाहेर जातं. तो नावाच्या उजव्या कडेला माउस लावून ते आत ढकलतो. ढकलल्यावर उभे दांडे काटकुळे होतात आणि आडवी शिरोरेषा होती तेवढीच जाड राहते. अशक्त माणसांनी तुळई उचलल्यासारखं दिसतं. गिऱ्हाईक म्हणतं, ‘नाव पडल्यासारखं वाटतंय.’ पोरगा अक्षरांना पांढरी कड देतो. ‘उठत नाही अजून.’ पांढऱ्याबाहेर लाल, लालबाहेर काळी, त्यामागे सावली. कड वाढवताना तिचे कोपरे भाल्यासारखे बाहेर येतात, म्हणून तो कोपरे गोल करायचं बटण दाबतो. झालं. ढकलण्याने अरुंद, कडेने जाड, बटणाने गोल. ज्यासाठी परदेशी कलावंत महिनोन्‌महिने वळणं घासत बसतात ते काम इथे चहा येण्याच्या आत उरकलं, आणि एकानेही ‘मी अक्षर काढलं’ असा दावा केला नाही. तहाच्या कागदावर सह्या असतात, पण तहाला लेखक नसतो.

वाचायला अडचण होते, हा पहिला आक्षेप. होते, आणि ती मी लपवणार नाही. ‘भ’च्या डोक्यापाशी जी लहानशी फट असते ती कडेखाली बुजते आणि ‘म’ तयार होतो. म्हणजे ज्यांच्यासाठी एवढा खर्च केला ते ‘भाऊ’ चौकात ‘माऊ’ म्हणून झळकतात. ‘ध’चीही तीच गत होऊन धडाडीचे नेतृत्व ‘घडाडीचे’ होतं. ‘र’ आणि ‘व’ जवळ ढकलले की ‘ख’ होतो हे तर जुनं दुखणं आहे. लिपीसुधारणावाले ‘ख’च्या दोन तुकड्यांचे पाय जोडून द्या म्हणाले ते याचमुळे. मिठाईच्या दुकानावर ‘रवा लाडू’ दाबून लिहा, ‘खा लाडू’ वाचलं जाईल. पण आक्षेप घेणाऱ्यांना माझा एक प्रश्न आहे : यातल्या कुणाचं काही अडलं का? लाडू खपतात. भाऊंना सगळे ओळखतात, न ओळखणाऱ्यांसाठी तो फ्लेक्स नसतोच. सत्तावीस शुभेच्छुकांपैकी प्रत्येक जण त्या फलकावर एकच नाव वाचतो, आणि ते त्याला आधीपासून पाठ असतं.

दुसरा आक्षेप अधिक अभ्यासू मंडळींचा. ते म्हणतात, असं अक्षर रीतसर घडवणारे कलावंत आहेत, तेव्हा ‘कुणाला सुचलेलं नाही’ हे विधान चूक. विधान थोडं मागे घेतो. अरुंद विषयात मागे सरकायला जागा कमी आहे, पण घेतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनी ‘मोदक’ नावाचा देवनागरी टाइप काढला. तो इतका गुबगुबीत आहे की अक्षराच्या पोटातल्या पोकळीचा फक्त एक धागा उरतो, आणि तरीही तो वाचता येतो. म्हणजे पोट सुटलं तरी चेहरा ओळखू यावा, ही अवघड कला त्यांना साधली. त्यांचाच दुसरा टाइप ‘बलू’, जंगल बुकमधल्या अस्वलाच्या नावाचा, गोल आणि जाड. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचे ‘खंड’ आणि ‘टेको’ जाड होतात आणि अरुंदही आहेत. हे सगळे फुकट मिळतात. यातल्या ‘बलू’कडे जरा बारकाईने पाहा. तो निरनिराळ्या भारतीय लिप्यांत आला तेव्हा प्रत्येक लिपीत त्याला नातं मिळालं : गुजरातीत बलू भाई, पंजाबीत बलू पाजी, बंगालीत बलू दा, मल्याळममध्ये बलू चेट्टन, तमिळमध्ये बलू तंबी (मराठीत तंबी म्हणजे ताकीद, पण तिकडे धाकटा भाऊ). देवनागरीत मात्र नुसता बलू. ना दादा, ना अण्णा, ना भाऊ. ज्या महाराष्ट्रात माणसाचं नाव एकवेळ गळेल पण ‘भाऊ’ गळत नाही, तिथल्या लिपीत हे व्हावं? की त्या पदासाठी इच्छुकच इतके झाले की नाव जाहीर करणं शेवटपर्यंत जमलं नाही? काहीही असो, कलावंतांनी समाजाची मागणी ओळखून अक्षराला रीतसर बारसं घातलं, एवढंच यातून निघतं. मूल आधीच चौकात खेळत होतं.

तिसरा आक्षेप पूर्वीच्या वैभवाचा असतो आणि तो नेहमी सुस्काऱ्यासह येतो. अक्षरकार कमल शेडगे नाटकाचं नाव असं काढायचे की अक्षराकडे बघून नाटक विनोदी की गंभीर ते कळावं. निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांची ऐट काय होती. आणि आता हे. मान्य, शंभर टक्के मान्य. पण नाटकाचं नाव ही एकाच निर्मात्याची मालमत्ता असते, त्यात सत्तावीस जणांना मानपान द्यायचा नसतो. आणि शिशाच्या खिळ्यामध्ये एक गुण होता जो संगणकात नाही. खिळा ढकलला तरी दबत नसे. जुळारी चष्म्यावरून बघून ‘बसत नाही’ म्हणायचा आणि त्यावर अपील नव्हतं; मजकूर कापून आणावा लागे. म्हणजे जुन्या छपाईचं सौंदर्य काही अंशी शिशाच्या हट्टीपणात होतं. संगणक कुणालाच नाही म्हणत नाही. त्याला निवडणूक लढवायला हरकत नाही.

कुणी म्हणेल, या सगळ्याला कायदा जबाबदार आहे. २०२२ मध्ये राज्याने दुकाने-आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि लहानमोठ्या सगळ्याच दुकानांना मराठी देवनागरी पाटी लागू झाली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. मराठी अक्षरं आधी हवीत आणि इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत, असं कायदा म्हणतो. दुकानदारांनी तो बारकाईने वाचला. लहान नकोत असं लिहिलंय, अरुंद नकोत असं कुठे लिहिलंय? तेव्हा इंग्रजी नाव पूर्वीच्याच ऐटीत राहिलं आणि त्याच उंचीचं मराठी नाव शेजारच्या वीतभर पट्टीत श्वास रोखून उभं राहिलं. त्यात २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. इतिहासाचं इतिहासकारांनी पाहावं. पाटीवाल्याच्या दृष्टीने एवढंच की जुन्या नावात एकही काना, मात्रा की वेलांटी नव्हती आणि नव्यात वेलांटीही आली, काना आला आणि जोडाक्षरही आलं. सात सडाफटिंग अक्षरांच्या जागी सहा, पण लग्न झालेली.

पण जाडा अरुंद बाणा हा कायद्याचा किंवा संगणकाचा दोष नाही, याचा माझ्याकडचा सगळ्यात भक्कम पुरावा एका टोपीत आहे. ऑगस्ट २०११ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांचं उपोषण चाललं होतं आणि गांधी टोप्यांवर ‘मैं अन्ना हूँ’ अशी अक्षरं होती. गांधी टोपीची पट्टी म्हणजे काही दहा बाय आठचा फलक नव्हे. तिच्यावर जे लिहायचं ते टीव्हीच्या कॅमेऱ्याला दिसेल इतकं जाड हवं आणि कपाळाच्या रुंदीत संपेल इतकं आटोपशीर. मराठी माणसाला तेव्हा तो ‘न्न’ खटकला. आपला ‘ण्ण’ कुठे गेला? उच्चाराचा वाद घालणाऱ्यांनी दांडे मोजायला हवे होते. ‘ण्ण’ला उभे दांडे पाच, ‘न्न’ला एक. पट्टी तेवढीच आणि देश मोठा. हिंदीने आपल्या सवयीनेच लिहिलं असणार, पण मला मात्र तिथे काउंटरवर कोपर टेकलेला कुणीतरी दिसतो आणि त्याचं ते वाक्य ऐकू येतं.

आता दुकानात परत जाऊ, कारण तिथे फ्लेक्स छपाईला जायच्या बेतात आहे. सत्तावीस नावं बसली आहेत. दाबून, फुगवून आणि कोपरे घासून. ‘हार्दिक अभिनंदन’ वरच्या बाजूला ठासून भरलंय. गिऱ्हाईक दोन पावलं मागे जाऊन, डोळे बारीक करून बघतं, पुढे होतं, ‘फायनल’ म्हणतं. तेवढ्यात त्याचा फोन वाजतो. तो बाहेर जाऊन बोलतो, आत येतो आणि पंख्याकडे बघतो. ‘एक नाव राहिलंय.’ ‘आता कुठं बसवू?’ ‘नाव नको मग. नुसता फोटो टाका.’ ‘फोटो तरी कुठं?’ गिऱ्हाईक पडद्याजवळ वाकतं आणि बराच वेळ मजकुरावरून बोट फिरवत राहतं. शेवटी ‘अभिनंदन’मधल्या ‘नं’वर ते बोट थांबतं.

‘हे टिंब गोलच आहे ना? ह्यात बसतंय का बघा.’